वीस डॉलरचा कागदी रोड ॲटलस, आमचे अण्णा आणि हिवाळ्यातला आय-टेन

आधीच सांगते, हा रिव्ह्यू एका नकाशाच्या पुस्तकाचा आहे. फोनमध्ये सगळं असताना पुस्तक कशाला असं वाटत असेल तर मलापण तेच वाटत होतं. नवऱ्याची नोकरी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला बदलली, आम्ही लॉस एंजेलिसच्या बाजूला राहणारे, जानेवारी २०२५ मध्ये सगळं सामान ट्रकने पुढे पाठवून स्वतःच्या गाडीने जायचं ठरलं. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि तीन महिन्यांसाठी आलेले सासरे. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एसटीत बत्तीस वर्षं काढली त्यांनी, त्यातली शेवटची बरीचशी डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून. म्हणजे माणूस घरात बसला तरी डोक्यात वेळापत्रक चालू.

नवऱ्याने फोनवर टाकलं, तर निळी रेघ आली आणि खाली पस्तीसेक तास. अण्णा म्हणाले, "अरे पण मुक्काम कुठे? पाणी कुठे? ड्रायव्हर कुठे बदलणार?" फोनला याचं उत्तर येत नाही असं नाही, पण एकेक विचारावं लागतं आणि मागचं विसरायला होतं. शेवटी पेट्रोल भरायला थांबलो तिथल्या स्टोअरमध्ये तो मोठा स्पायरलचा ॲटलस दिसला, ट्रकवाले घेतात तसला, वीस डॉलर. अण्णांनी तिथेच उभं राहून चाळला आणि काउंटरवर नेऊन ठेवला. त्यांनी अमेरिकेत स्वतःहून मागितलेली ही पहिली वस्तू, त्यामुळे कोण नाही म्हणणार.

पहिल्या पानांवर अख्ख्या देशाचा नकाशा आहे आणि याच एका पानाने माझे पैसे वसूल झाले, खरं सांगते. कारण आमच्याकडे वाद चालू होता की आय-फॉर्टीने जायचं का आय-टेनने, म्हणजे इंटरस्टेट ४० आणि १०, पूर्व-पश्चिम जाणारे मोठे हायवे. एका मैत्रिणीचा आग्रह, फॉर्टीने जा, वाटेत ग्रँड कॅन्यन होईल. पण फॉर्टी फ्लॅगस्टाफवरून जातो, ते जवळजवळ सात हजार फुटांवर, जानेवारीत तिथे बर्फ म्हणजे रोजचंच, आणि आमच्या गाडीला साधे टायर. अण्णांनी पानावर बोट ठेवून विचारलं की हे नंबर कसे दिलेत, मग लेकीने शाळेत शिकवलेलं सांगितलं की सम नंबर पूर्व-पश्चिम, विषम उत्तर-दक्षिण, आणि सम नंबर दक्षिणेला लहान, उत्तरेला मोठे, म्हणजे दहा खाली आणि नव्वद वर कॅनडाजवळ. अण्णा इतके खूश झाले की काय सांगू, म्हणाले याला म्हणतात खातं. मग त्यांचं त्यांनीच ठरवलं, हिवाळ्यात जितका नंबर लहान तितकं बरं, दहाच्या खाली लांबचा रस्ता नाही, म्हणजे दहाच. वाद संपला.

आता ॲटलसमधली गंमत आणि आमची चूक. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पुस्तक पसरलं, माझ्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला, आणि अण्णा रस्त्याच्या वळणावळणाने दोरा ठेवत अंतर मोजायला लागले. एक टोक मी दाबून धरलेलं. कॅलिफोर्निया मोजला, ॲरिझोना मोजला, न्यू मेक्सिको म्हणजे चिमूटभर, आणि टेक्ससला आल्यावर मोजून म्हणाले अरे वा, हे एवढं काही नाही, दीड दिवसात होतंय. मला शंका आली कारण टेक्सस एवढंसं कसं असेल, पण दोरा खोटं बोलत नाही म्हणून सोडून दिलं. रात्री नवऱ्याने मागच्या पानावरचा अंतरांचा तक्ता बघितला तर अडीचशे मैलांचा फरक! प्रत्येक राज्याची स्केल वेगळी असते, टेक्सस मोठं म्हणून ते दाबून बसवलेलं, तेही पश्चिम आणि पूर्व अशा दोन भागांत, आणि आम्ही आपले ॲरिझोनाच्या स्केलने मोजत होतो. अण्णा पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग वहीतलं पान फाडून नवीन शेड्यूल लिहायला घेतलं. तर घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, कोपऱ्यातली स्केलची पट्टी प्रत्येक पानावर नव्याने बघायची.

टेक्ससमध्ये आय-टेन साधारण ८८० मैल आहे. पूर्ण आय-टेन सँटा मोनिकापासून जॅक्सनव्हिलपर्यंत जवळजवळ २,४६० मैल, म्हणजे एका राज्यातच तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त. मैलाच्या पाट्या आणि एक्झिटचे नंबर पश्चिमेकडून शून्यापासून सुरू होतात आणि लुईझियानाच्या हद्दीवर ८८० ला संपतात, त्यामुळे लेकीला काम मिळालं, ती आख्खं टेक्सस नंबर ओरडत होती, आणि आम्हाला कधी संपणार हे विचारायची सोयच राहिली नाही कारण उत्तर पाटीवर लिहिलेलंच.

अण्णांचं शेड्यूल साधं होतं. दिवसाला चारशे मैलांच्या वर नाही, सकाळी आठला गाडी सुटणार, आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी. जानेवारीत दिवस लहान, साडेपाच-सहाला काळोख, आणि पूर्वेकडे जाताना वर घड्याळ पुढे पळतं हे आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हतं. ॲटलसमध्ये टाईम झोनच्या तुटक रेषा दिलेल्या आहेत, बारीक आहेत पण आहेत. कोलोरॅडो नदी ओलांडली की एक तास गेला, टेक्ससमध्ये व्हॅन हॉर्नच्या अलीकडे दुसरा, आणि फ्लोरिडात ॲपलाचिकोला नदीवर तिसरा. अण्णांनी प्रत्येक रेषेवर पेन्सिलीने 'घड्याळ' असं लिहून ठेवलं. फोन आपोआप वेळ बदलतो हो, पण बदलून झाल्यावर. मोटेलला साडेपाचला पोचू असं धरलेलं आणि पोचल्यावर साडेसहा वाजलेले असले की पोरगी भुकेने रडते, हे आदल्या दिवशी कळलेलं बरं.

प्रवासाचं थोडक्यात सांगते नाहीतर हे प्रवासवर्णन होईल. पहिला मुक्काम फिनिक्स. वाटेत क्वार्टझसाईट लागतं, तिथे वाळवंटात नजर जाईल तिथपर्यंत आरव्ही, म्हणजे आत राहता येतं अशा घरासारख्या गाड्या, उभ्या, उत्तरेकडचे निवृत्त लोक हिवाळाभर इथे येऊन राहतात, त्यांना स्नोबर्ड म्हणतात. अण्णा बराच वेळ त्या मंडळींकडे बघत होते, काय मनात आलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी टूसान ओलांडून टेक्सस कॅन्यन लागतं, नाव टेक्सस पण आहे ॲरिझोनात, गोल गोल धोंडे एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे. हे पाच हजार फुटांच्या आसपास आहे! आणि इथे माझी ॲटलसवरची पहिली खरी तक्रार. नकाशा सगळा सपाट दिसतो. एखाद्या शिखराची उंची लिहिलेली असते पण रस्त्याची नाही. दक्षिणेचा रस्ता म्हणजे उबदार असं धरून आम्ही जॅकेटं डिकीत तळाला टाकली होती, आणि एल पासोसुद्धा पावणेचार हजार फुटांवर आहे, रात्री पाणी गोठतं तिथे. नुसता ॲटलस बघून कपडे भरू नका.

न्यू मेक्सिकोतल्या लास क्रूसेसला दोन रात्री ठेवल्या, मधला दिवस व्हाईट सँड्स नॅशनल पार्कसाठी. हे मेन रस्त्यापासून पन्नासेक मैल आत, हायवे ७० वर, ॲटलसमध्ये हिरव्या ठिपक्यांनी दिसतं म्हणूनच सापडलं, फोनने आपणहून कधी सांगितलं नसतं. पांढरी जिप्समची वाळू, प्लॅस्टिकच्या थाळ्यांवर बसून घसरायचं, हिवाळ्यात पायांना चटके नाहीत, गर्दी नाही. शेजारी क्षेपणास्त्रांची चाचणी होते तेव्हा हा रस्ता मध्येच बंद करतात, तेव्हा जायच्या आधी पार्कच्या साईटवर बघून घ्यायचं, हे अर्थात कुठल्याही छापील पुस्तकात मिळणार नाही. अण्णा पँट दुमडून दोनदा घसरले. व्हिडिओ आहे, पण टाकायचा नाही अशी ताकीद आहे.

एल पासोच्या पुढे सिएरा ब्लँकाजवळ बॉर्डर पॅट्रोलची, म्हणजे सीमेवरच्या पोलिसांची चौकी लागते, हायवेवरच्या सगळ्या गाड्या बाजूला घेतात. आम्ही व्हिसावर, अण्णा टुरिस्ट व्हिसावर. ॲटलसमध्ये याचा मागमूस नाही. एका ओळखीच्यांनी सांगितलं होतं म्हणून पासपोर्ट पुढच्या कप्प्यात ठेवले होते, दोन मिनिटांत सुटलो. ज्यांचे कागद डिकीत, चार बॅगांच्या खाली, त्यांनी काय करायचं? तेव्हा नागरिक नसाल तर पासपोर्ट हाताशी.

आता ज्यासाठी हे पुस्तक मी कुणालाही घ्यायला सांगेन तो भाग. केंट नावाचं ठिकाण आहे, गाव म्हणवत नाही, तिथून हायवे ११८ दक्षिणेला फोर्ट डेव्हिसकडे जातो. ॲटलसमध्ये या रस्त्याच्या कडेने ठिपक्यांची माळ काढलीये, म्हणजे निसर्गरम्य रस्ता. अण्णांनी शेड्यूलमध्ये यापुढे लिहिलं होतं, 'विनंती थांबा'. म्हणजे प्रवाशांनी हात केला तरच. आम्ही हात केला. पिवळं वाळलेलं गवत, डोंगर, वर मॅकडोनाल्ड वेधशाळेचे पांढरे घुमट साडेसहा हजार फुटांच्याही वर, आणि अर्ध्या तासात आम्हाला समोरून दोन गाड्या आल्या असतील. फोनचं नेटवर्क कधी गेलं कळलंच नाही. नवऱ्याने नकाशा आधी डाऊनलोड केला नव्हता, केला होता म्हणतो पण केला नव्हता, आणि एका फाट्यावर निळा ठिपका जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागला. मी मागच्या सीटवर, मांडीवर ॲटलस, बाजूला अण्णा चष्मा कपाळावर सरकवून पान नाकाला लावून बघतायत. "डावीकडे घे," म्हणाले. नवरा म्हणाला, "अण्णा, नक्की?" तर, "अरे, उजवीकडे पुढे गावच नाहीये, जाशील कुठे?" बास. बत्तीस वर्षांचा आवाज होता तो. डावीकडे वळलो आणि थोड्या वेळाने वेधशाळेची पाटी आली.

पेट्रोल मात्र या पुस्तकाच्या भरवशावर टाकू नका, पंप दाखवलेले नाहीत. पश्चिम टेक्ससमध्ये गावांची नावं नकाशावर ठळक असतात आणि प्रत्यक्षात बंद पडलेलं एक दुकान. अर्ध्या टाकीच्या खाली काटा गेला की पहिला दिसेल तो पंप, हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला. रेस्ट एरियाच्या खुणा आहेत आणि त्याही दोन प्रकारच्या, टॉयलेट असलेल्या आणि नसलेल्या. आम्ही ती खुणांची यादी वाचलीच नव्हती. टेक्ससमधल्या पिकनिक एरियात टेबल असतं, सावली असते, बाकी काही नाही. सत्तरीच्या माणसाला घेऊन तिथे मोठ्या आशेने उतरलो, पुढचं लिहीत नाही. दोष पुस्तकाचा नाही, आमचा.

बांधणीबद्दल. स्पायरल आहे हे उत्तम, पान उलटं दुमडून मांडीवर राहतं. पण राज्यं एबीसीडीने लावलीयेत! म्हणजे आपण पश्चिमेकडून पूर्वेला सरळ चाललोय आणि पुस्तकात कॅलिफोर्नियावरून मागे ॲरिझोना, मग पार पुढे न्यू मेक्सिको, आणखी पुढे टेक्सस, मग मागे लुईझियाना, पुढे मिसिसिपी, आणि अलाबामा एकदम पहिल्या पानावर. रस्ता सरळ आणि पुस्तकात वारकऱ्यांचं रिंगण. पाचव्या दिवसापर्यंत टेक्ससची पानं स्पायरलमधून सुटायला लागली, आम्ही चिकटपट्टी लावली. अण्णांनी कडेला लेकीच्या रंगीत चिठ्ठ्या चिकटवून १ ते ८ नंबर घातले त्यानंतर सोपं गेलं, हे घरूनच करून निघा.

आणि अक्षरं बारीक आहेत. मला वाचता येतात, अण्णांना उजेड कमी झाला की नाही. संध्याकाळी गाडीत दिवा लावला की नवरा वैतागायचा, पुढची काच चमकते म्हणून.

आता जिथे हे पुस्तक पूर्ण फेल गेलं ते. सॅन अँटोनिओला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी, २१ जानेवारीला, दक्षिणेच्या किनाऱ्यावर बर्फाचं वादळ आलं. ज्या किनाऱ्यावर कधी ब्लिझर्डचा इशारा दिलेला नव्हता तिथे तो पहिल्यांदा दिला गेला, न्यू ऑर्लिन्सला आठेक इंच बर्फ, आणि लुईझियानामध्ये आमचा लाडका आय-टेन बंद! बर्फ टाळायला म्हणून सगळ्यात खालचा रस्ता घेतला आणि बर्फ खाली आमच्या वाटेवर येऊन बसला. तिकडे बर्फ काढायची यंत्रं नाहीत, लोकांना सवय नाही, आणि लुईझियानात तर हा रस्ता मैलोन्‌मैल पुलावरूनच जातो, ॲटचाफलायाच्या दलदलीवरचा पूल एकटाच अठरा मैलांचा, आणि पुलावर खालून पण वारा लागतो म्हणून बर्फ आधी तिथे धरतं.

अण्णा ॲटलस घेऊन बसले, वीस नंबरच्या हायवेने वरून जाता येईल का, अमुक गावातून खाली उतरता येईल का. रस्ता तर कागदावर सगळीकडे होता. पण कुठला चालू, कुठला बंद हे कागदाला काय माहीत. तेव्हा फोनच कामाला आला, प्रत्येक राज्याच्या वाहतूक खात्याची रस्त्यांची साईट असते, टेक्ससची, लुईझियानाची, फ्लोरिडाची, ती तासातासाला बघत बसलो. पण एक आहे. अण्णांच्या शेड्यूलमध्ये दोन दिवस कोरे होते, शेजारी लिहिलं होतं 'राखीव'. मी निघताना त्यावरून जरा कुरकूर केली होती की दोन दिवस फुकट कशाला, तिकडे जाऊन घर लावायचंय. म्हणाले होते, "अगं, घाटात दरड पडली की डेपोत राखीव गाडी लागते, तसा दिवस पण लागतो." आता गप्प बसून मोटेलमध्ये राईस कुकरवर खिचडी लावली. हे दोन दिवस पुरले नाहीत, आणखी एक गेला, पण नवऱ्याची जॉईनिंगची तारीख हुकली नाही.

मोटेलचंही एक सांगते, नाव घेत नाही. मुक्काम वाढवायला गेलो तर काउंटरवरच्या मुलाने दुप्पट भाव सांगितला, वादळ आहे म्हणून. ॲटलस काखेत घेऊन आम्ही रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या मोटेलात गेलो, तिथले गुजराती काका आधीच्या भावात खोली देऊन वर अण्णांना चहाला घेऊन बसले. काकांनी पुस्तक बघितलं आणि म्हणाले, मीपण हेच घेऊन आलो होतो पंचवीस वर्षांपूर्वी. मग दोघांनी मिळून टेबलावर लुईझियाना पसरला आणि हिंदी-गुजराती-मराठीच्या मिसळीत तासभर चर्चा केली, रस्ता बंदच होता, तरी.

मधे ह्यूस्टनपर्यंत आलो होतो, तिथून शनिवारी, सगळं नीट चालू झालंय ही खात्री करून निघालो. तो अठरा मैलांचा पूल कोरडा मिळाला, दोन्ही बाजूला पाण्यात उभी झाडं. अलाबामातल्या मोबिल गावाला गाडी पाण्याखालच्या बोगद्यातून जाते हे ॲटलसमध्ये बारीक अक्षरात दिलंय, लेकीने ते आधी वाचलं आणि बोगदा संपेपर्यंत श्वास धरला. मिसिसिपी आणि अलाबामा दोन्ही मिळून दीडशे मैलसुद्धा नाहीत, टेक्ससनंतर हे म्हणजे आपल्याकडची दोन तालुक्याची गावं. पुढे फ्लोरिडा लांबलचक, पाईनची झाडं आणि पाईनची झाडं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

तर घ्यावा का? हिवाळ्यात लांब जाणार असाल, घरात ठरवणारी माणसं एकापेक्षा जास्त असतील तर घ्या. फोनवर एकजण बघतो आणि बाकीचे विचारत बसतात, टेबलावर पुस्तक असलं की सगळे वाकून बघतात आणि भांडणंही नीट होतात. रस्ते बंद आहेत का, पंप, हवा, चढउतार, हे सगळं फोनवर, आणि नेटवर्क नसलेल्या भागाचा नकाशा निघायच्या आधी डाऊनलोड करा, केलाय म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः उघडून बघा. पाचपैकी चार देते. एक कापला एबीसीडीसाठी आणि सुटलेल्या पानांसाठी.

मार्चमध्ये अण्णा परत गेले. बॅग काट्यावर ठेवली तर दीड किलो जास्त. मी म्हटलं अण्णा, ॲटलस काढा, तिथे काय उपयोग. त्यांनी नातवंडांसाठी घेतलेली चॉकलेटची दोन मोठी पाकिटं काढून माझ्या हातात दिली आणि चेन लावून टाकली. त्यामुळे मला आता नवीन घ्यायचाय, या वेळी मोठ्या अक्षरांचा मिळतो तो बघतेय.